पंचनाम्याला पुरावा म्हणून किंमत किती?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पंचनामा या एकाच विषयाची असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांत मूलभूत आहे, म्हणून त्याला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानाशेजारच्या गोदामात चोरीचा माल मिळाल्याचे सांगून पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावले. मी माल पाहिला आणि तेथे एका कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आणखी एका कागदावर माझी सही घेण्यात आली. तो मी वाचला नव्हता. आता न्यायालयाचे समन्स आले आहे. पंचनामा लिहून झालेला असताना आणि त्यावर माझी सही असताना मला पुन्हा का बोलावतात? पंचनामा हा पुरावा नाही काय? आणि दुसऱ्या सहीची हकीकत खरी सांगितली तर मी फितूर ठरेन काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. पंचनाम्यातील मजकूर हा स्वतःच्या बळावर उभा राहणारा पुरावा नव्हे. पंच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून, शपथेवर, जे पाहिले ते सांगतो आणि उलटतपासाला तोंड देतो, तेव्हा त्याचे ते सांगणे हा पुरावा होय. मुरली विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व प्रस्थापित असल्याचे सांगितले आहे. यामागचे कारणही सरळ आहे. ‘गोदामात उजेड किती होता’, ‘पोती तुम्ही मोजली की कोणी मोजून सांगितली’ असे प्रश्न आरोपीच्या वकिलांना विचारायचे असतात आणि त्यांची उत्तरे कागद देऊ शकत नाही. म्हणून आपल्याला बोलावले आहे.

पंचनाम्याची व्याख्या ना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, ना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातेत ज्याला पंचनामा म्हणतात त्याला उत्तरेकडील राज्यांत फर्द आणि दक्षिणेत महजर म्हणतात. (मराठेशाहीच्या कागदपत्रांत महजर हा शब्द गोतसभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदासाठी येतो, हे जुनी दफ्तरे चाळणाऱ्यांना ठाऊक असेलच.) कायद्यात आहे ती कृतीची तरतूद. नव्या संहितेच्या कलम १०३ मध्ये, म्हणजे जुन्या कलम १०० मध्ये, असे सांगितले आहे की झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे, झडती त्यांच्या समक्ष घ्यावी, कोणती वस्तू कोठे मिळाली याची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि जागेचा कब्जेदार हजर असेल तर त्याला यादीची प्रत द्यावी. तशी माणसे तेथे मिळाली नाहीत किंवा यायला तयार नसली तर दुसऱ्या परिसरातील माणसे बोलावता येतात. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा अपराध आहे. पोलीस बहुधा तोंडीच बोलावतात, आणि हे कलम तोंडी बोलावण्याला लागत नाही.

ही सारी व्यवस्था कोणासाठी आहे, हे लक्षात घेतले तर आपली भूमिका स्पष्ट होईल. मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्याच्या अपिलांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पंचनाम्याच्या हेतूचा ऊहापोह केला आणि तपास यंत्रणेकडून होऊ शकणाऱ्या लबाडीला व अन्यायाला आळा घालणे हा तो हेतू असल्याचे नोंदवले. याचा अर्थ असा की पंच पोलिसांच्या बाजूचा नसतो आणि आरोपीच्याही बाजूचा नसतो. तो न्यायालयाच्या वतीने तेथे उभा असतो, कारण न्यायाधीश घटनास्थळी नसतात. दुर्दैवाने व्यवहारात पोलीस ठाण्याच्या आसपासचा टपरीवाला किंवा रिक्षाचालक वर्षानुवर्षे पंच म्हणून सह्या करत राहतो, आणि उलटतपासात ‘यापूर्वी आपण किती पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत’ हा प्रश्न आला की साऱ्या पंचनाम्याची पत जाते. गंभीर गुन्ह्यांत व लाचलुचपतीच्या सापळ्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घेण्याची आपल्याकडची पद्धत या अनुभवातूनच रूढ झाली आहे.

मग लिहिलेला कागद काय उपयोगाचा? त्याचे उपयोग तीन आहेत. बऱ्याच काळापूर्वीचा तपशील आठवत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने साक्षीदाराला तो पाहून स्मृती ताजी करता येते. जुन्या पुरावा अधिनियमाच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ही तरतूद कलम १६२ मध्ये आहे. पंच न्यायालयात जे सांगतो त्याला पंचनाम्याच्या वेळीच लिहिलेल्या नोंदीने पुष्टी मिळते. आणि तो लिहिलेल्यापेक्षा वेगळे सांगू लागला तर तीच नोंद त्याच्यासमोर ठेवून विसंगती दाखवता येते. आपला खटला नवे कायदे लागू होण्यापूर्वी उभा राहिलेला असेल तर जुन्याच पुरावा अधिनियमाची कलमे लागू होतील. तत्त्वात फरक पडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, आणि तो केवळ पक्षकारांचा नसून पुष्कळदा नवख्या वकिलांचाही असतो. सरकारी वकील पंचनामा दाखवून ‘ही सही आपली का, मजकूर बरोबर आहे का’ असे विचारतात, पंच ‘होय’ म्हणतो, कागदावर निशाणी क्रमांक पडतो, आणि पंचनामा सिद्ध झाला असे सगळे धरून चालतात. निशाणी क्रमांक पडल्याने कागद अभिलेखावर येतो. त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्यामुळे सिद्ध होत नाही. किती पोती होती, त्यांवर कोणता छाप होता, लाखेचे सील समोर लावले का, आपल्या सहीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या का, हे पंचाने आपल्या तोंडाने सांगावे लागते. न्यायालयात मुद्देमाल समोर ठेवला जाईल तेव्हा ‘हाच तो’ असे ओळखण्यापूर्वी तो नीट पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. घाईने मान डोलावू नये.

पंचनाम्यात जे लिहिलेले असते ते सगळे पुरावा म्हणून ग्राह्य असतेच असे नाही, हेही सांगायला हवे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा, अंतरे, रक्ताचे डाग, तुटलेली कडी यांचे वर्णन येते. हे पंचाने स्वतः पाहिलेले असते. पण त्याच पंचनाम्यात ‘फिर्यादीने दाखवलेल्या या जागी आरोपी उभा होता आणि येथून त्याने वार केला’ असे वाक्य घुसडले जाते. पंचाने आरोपीला तेथे उभे पाहिलेले नसते. ते फिर्यादीने पोलिसांना सांगितलेले असते, आणि तपासादरम्यान पोलिसांना केलेले निवेदन संहितेच्या कलम १८१ मुळे (जुने कलम १६२) पुरावा म्हणून वापरता येत नाही. तोरीसिंग खटल्यात १९६१ च्या सुमारास घटनास्थळाच्या नकाशावरील अशाच खुणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार मांडला होता. तसेच मरणोत्तर पंचनाम्याचे. मृत्यू वरकरणी कशाने झाला असावा एवढे ठरवणे हे त्याचे काम. हल्लेखोराचे नाव त्यात नाही म्हणून फिर्याद खोटी, हा बचाव पक्षाचा आवडता युक्तिवाद १९७५ मधील पेड्डा नारायण खटल्यापासून फारसा टिकत नाही.

सर्वांत अधिक वाद होतात ते निवेदन पंचनाम्यांवर, म्हणजे ‘माल कोठे लपवला ते दाखवतो’ असे आरोपी पोलीस कोठडीत सांगतो आणि मग सगळे तेथे जातात त्या पंचनाम्यांवर. पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात येत नाही. मात्र त्या सांगण्यावरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली तर तेवढा भाग साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकानुसार, म्हणजे गाजलेल्या जुन्या कलम २७ नुसार, ग्राह्य ठरतो. ‘ज्या सुऱ्याने मी त्याला मारले तो सुरा मी गोठ्यात पुरला आहे, दाखवतो’ या वाक्यातील पहिला तुकडा गळतो आणि उरलेला राहतो, हे प्रिव्ही कौन्सिलने (त्या वेळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने) स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पुलुकुरी कोट्टाया खटल्यात ठरवले आणि आजही तेच चालते. रामानंद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावले की आरोपीचे निवेदन शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहिले जावे आणि पंच पोलीस ठाण्यातच, निवेदनाच्या वेळी, हजर असावेत; गाडी जागेवर पोहोचल्यावर वाटेतला कोणी पंच म्हणून उभा करण्याने काम भागत नाही. सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या त्याच वर्षीच्या निकालातही हाच कटाक्ष दिसतो. दिल्लीच्या सुनील खटल्यात २००० साली न्यायालयाने असेही म्हटले होते की अशा जप्तीला झडतीचे पंचांविषयीचे कलम लागू होत नाही आणि केवळ स्वतंत्र पंच नव्हते म्हणून पोलिसांवर अविश्वास दाखवू नये. दोन्ही भूमिका एकत्र वाचल्या तर मला असे वाटते की पंचांचा अभाव प्राणघातक नाही. पण पंच होते असे दाखवून ते प्रत्यक्षात नसणे मात्र बहुधा घातक ठरते.

आता फितूर होण्याविषयी. ‘पंच फितूर झाल्याने आरोपी सुटला’ ही बातमी आपण वाचतो ती बहुधा अर्धीच असते. जो साक्षीदार आपल्याच पक्षाच्या विरोधात बोलू लागतो त्याला उलटतपासासारखे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते (साक्ष्य अधिनियम, कलम १५७). व्यवहारात याला आपण साक्षीदार फितूर घोषित होणे म्हणतो. ही परवानगी मिळाली म्हणून त्या साक्षीदाराने सांगितलेले सारेच पुसले जात नाही. त्यातले विश्वासार्ह वाटेल ते न्यायालय घेऊ शकते, असे सत पाल खटल्यात १९७५ मध्ये ठरले आहे. शिवाय दोन्ही पंच उलटले तरी तपासी अंमलदाराची साक्ष खात्री पटवणारी असेल तर केवळ तिच्या आधारे जप्ती मान्य होऊ शकते. मोदनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य (१९७८) हा याविषयी नेहमी दाखवला जाणारा निकाल आहे.

आपल्यापुरते बोलायचे तर, पहिल्या कागदावर गोदामात माल पाहून सही केली आणि दुसऱ्यावर न वाचता पोलीस ठाण्यात केली, हे दोन्ही जसे घडले तसे सांगा. सरकारी वकिलांनी परवानगी मागून आडवेतिडवे प्रश्न विचारले तरी त्याने आपण गुन्हेगार ठरत नाही. शिक्षा आहे ती जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला, आणि त्या दृष्टीने जोखीम आहे ती न पाहिलेली गोष्ट ‘पाहिली’ म्हणण्यात. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. साक्षीला जाण्यापूर्वी सरकारी वकिलांकडे पंचनाम्याची प्रत वाचायला मागण्यात गैर काही नाही. बचावाच्या वकिलांनी ‘आज सकाळी पंचनामा वाचून आलात का’ असे विचारले तर ‘होय’ म्हणावे. ते लपवायला गेलेले साक्षीदारच अडचणीत आलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : अतिवृष्टीत सोयाबीन गेले आणि विमा उतरवलेले आमचे शेतमालाचे छोटे गोदामही पडले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून केलेल्या पंचनाम्यात दोन्ही नुकसानींची नोंद आहे. विमा कंपनीने मात्र आपल्या सर्वेक्षकाच्या अहवालावर बोट ठेवून गोदामाची रक्कम निम्म्याहून कमी केली आणि पिकाचे तर काहीच दिले नाही. सरकारी पंचनामा वरचढ ठरत नाही काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : महसुली पंचनामा हा पोलिसी पंचनाम्याहून वेगळा कागद आहे, आणि दोघांचे नाव एक असल्यामुळे घोटाळा होतो. नैसर्गिक आपत्तीनंतरचा पंचनामा शासनाच्या मदतीसाठी असतो. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषानुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर मदत मिळते, आणि ती टक्केवारी ठरवणे हे त्या पंचनाम्याचे काम. सरकारी सेवकाने कर्तव्य म्हणून केलेली नोंद या नात्याने तो न्यायालयासमोर किंवा ग्राहक आयोगासमोर ठेवता येतो. तहसील कार्यालयातून त्याची साक्षांकित प्रत घ्यावी.

गोदामाबाबत आपली बाजू बरी आहे. विमा सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप कुमार यांच्या खटल्यात २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतक्या काटेकोरपणे लावले जात नाहीत, त्यामुळे पंचनामा, तारखेसह छायाचित्रे आणि मालाच्या खरेदीच्या पावत्या एकत्र ठेवल्या तर कंपनीला रक्कम का कापली याचे कारण द्यावे लागेल. पंचनाम्यात नुसते ‘अंदाजे नुकसान’ म्हणून एक आकडा लिहिलेला असेल, आणि भिंत किती फूट, पत्रे किती, धान्य किती क्विंटल यांपैकी काहीच नसेल, तर मात्र त्याचे वजन फार राहणार नाही.

पिकाचे तसे नाही. पीक विमा जेथे मंडळनिहाय उत्पन्नावर आधारित असतो तेथे भरपाई त्या महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवरून ठरते. एका शेतकऱ्याच्या शेताचा पंचनामा त्या गणितात थेट येतच नाही. आपला पंचनामा खरा असूनही विम्यासाठी निरुपयोगी ठरू शकतो तो यामुळे. त्या हंगामाच्या शासन निर्णयात वैयक्तिक नुकसानीची तरतूद होती का, हे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

प्रश्न : नव्या कायद्यात झडतीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आहे. मग पंचांची गरज संपली काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही. कलम १०५ नुसार झडती, जप्ती, वस्तूंची यादी आणि तिच्यावरील पंचांच्या सह्या या सर्वांचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचे आहे, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे आहे. यादीवर पंच सही करताना दिसले पाहिजेत असे ज्या कलमात म्हटले आहे ते पंचांना रद्द करणारे कसे असेल? शिवाय चित्रफीत हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख असल्यामुळे ती सादर करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. चित्रीकरणामुळे एक मात्र झाले: पोलीस ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा जागेवरचा म्हणून खपवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून आमच्या हद्दीत अतिक्रमण केले. गावातील पाच प्रतिष्ठित व्यक्तींना घेऊन आम्ही पंचनामा केला, त्यावर सरपंचांचीही सही आहे. दाव्यात तो पुरेसा होईल काय? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : होणार नाही. हा खाजगी कागद आहे; सरपंचांच्या सहीने तो सरकारी होत नाही. सह्या करणारे पाचजण साक्षीला येऊन ‘अमुक दिवशी बांध ताजा कोरलेला पाहिला’ असे सांगू शकतील, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. हद्द कोठे आहे हे मात्र डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी लागते. दावा दाखल झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज देता येतो. कमिशनर जागेवर जाऊन जो अहवाल देतो तो नियम १० नुसार दाव्यातील पुरावा समजला जातो, आणि कमिशनरची साक्षीदार म्हणून तपासणी कोणत्याही पक्षकाराला न्यायालयाच्या परवानगीने करता येते. मोजणी आधीच करून घेणार असाल तर शेजाऱ्याला मोजणीची नोटीस बजावल्याची पोच जपून ठेवा. त्याच्या गैरहजेरीत आणि नोटीस न देता झालेली मोजणी ही अशा दाव्यांत वादीची सर्वांत दुबळी बाजू ठरते.